मंगळवार, सकाळी अकरा

दोन वर्षांपूर्वी एक जाडजूड फाइल फिरत फिरत परत माझ्या टेबलावर आली. वरचं नाव वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण हा माणूस आधी माझ्याकडेच होता, मी प्रोबेशन खात्यात, म्हणजे कोर्टानं तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर ठेवलेल्या माणसांवर देखरेख ठेवायच्या कामात, नवीन लागले होते तेव्हा, आणि मधल्या सहा वर्षांत दोन ऑफिसर बदलून, एकदा आत जाऊन, बाहेर येऊन, नवीन गुन्हा करून तो परत माझ्याकडे आला होता. फाइल मागून पुढे वाचत गेले. सुरुवातीच्या पानांवर माझंच अक्षर. तारीख, वेळ आणि खाली चार ओळी. 'अपॉइंटमेंटला आक्रमक वर्तन. खुर्ची फेकली, निघून गेला. संध्याकाळी फोन करून जिवाचं बरंवाईट करून घेईन अशी धमकी. मॅनिप्युलेटिव्ह.'

शेवटच्या शब्दाखाली, म्हणजे लोकांना आपल्याला हवं तसं नाचवणारा, मी रेघ पण मारली होती.

त्या नोंदीत जे नव्हतं ते मात्र मला लख्ख आठवलं. त्याची वेळ अकराची होती. तो नेहमीप्रमाणे पावणेअकरालाच येऊन बसला होता. माझ्याकडे आधीचा एक माणूस रडत होता, त्याला मध्येच उठवणं मला जमेना, आणि बाहेर कोणी सांगितलंच नाही की मॅडमना वेळ लागेल. काउंटरवर त्यानं दोनदा विचारलं, दोनदा 'बसा, बोलावतील' एवढंच उत्तर मिळालं. मी बाहेर आले तेव्हा अकरा वीस झाले होते आणि खुर्ची भिंतीपाशी उलटी पडली होती. त्या रात्री त्याच्या हाताला चौदा टाके पडले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, त्याची पण नोंद मी केली, पण आदल्या दिवसाचा तो शब्द काही खोडला नाही. आणि मी वीस मिनिटं उशिरा आले होते हे तर कुठेच लिहिलं नाही.

मग तो शब्द प्रवासाला निघाला. पुढच्या ऑफिसरनं लिहिलं 'मॅनिप्युलेटिव्ह असल्याची पार्श्वभूमी.' त्याच्या पुढच्यानं लिहिलं 'पूर्वीपासून मॅनिप्युलेट करतो, सावध राहावं.' घरमालकानं एका रात्रीत बाहेर काढलं असं त्यानं सांगितलं तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही, तो दोन अपॉइंटमेंट चुकला, अटी मोडल्याचा रिपोर्ट गेला आणि तो आत गेला. घरमालकानं खरंच काढलं होतं. ते नंतर कळलं. फाइलमध्ये त्याचा कागद आहे, खूप मागे, कोणी वाचणार नाही अशा ठिकाणी.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि दोन-तीन माणसांचं एकत्र केलंय. टाके आणि वीस मिनिटं मात्र खरीच आहेत.)

आमच्या कामात ज्यांना पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार आहे अशी माणसं अधूनमधून नाही, रोज भेटतात. १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास २००२ साली आला, त्यात जवळपास २३ हजार कैदी होते, आणि पुरुष कैद्यांपैकी ६५ टक्क्यांना कुठला ना कुठला व्यक्तिमत्त्व विकार होता, ४७ टक्क्यांना त्यातला अँटिसोशल हा प्रकार. बायकांमध्ये ४२ आणि २१. आकडा ऐकून लोक दचकतात, पण यातली एक गोष्ट सांगायला हवी. अँटिसोशल हे निदान ज्या लक्षणांवरून करतात त्यातली कितीतरी म्हणजे कायदा मोडणं, खोटं बोलणं, मारामाऱ्या, जबाबदारी न घेणं अशीच आहेत, मग तुरुंगात जाऊन ती शोधली तर ती सापडणारच. सोबत पंधरा वर्षांच्या आतच वागणुकीचे प्रश्न सुरू झालेले असावे लागतात, आणि निदान अठरा पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही. म्हणजे हा शिक्का जरी मोठेपणी बसत असला तरी गोष्ट शाळेच्या वयातच सुरू झालेली असते. आणि अँटिसोशल म्हणजे सायकोपॅथ, दुसऱ्याचं दुःख जाणवतच नाही असा माणूस, नव्हे, हे पण आमच्याच लोकांना वारंवार सांगावं लागतं. सायकोपॅथीची वेगळी चाचणी आहे, वीस मुद्दे, प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन, एकूण चाळीस, आणि तिथे वरच्या टोकाला पोचणारी माणसं अँटिसोशल निदानवाल्यांपेक्षा फारच थोडी असतात.

साध्या भाषेत सांगायचं तर हा ताप नाही की आला आणि गेला. माणसाची स्वतःकडे बघायची, दुसऱ्याकडे बघायची, राग आला की काय करायचं, कोणी जवळ आलं की काय करायचं याची जी एक घडण असते ना, तीच अशी झालेली असते की तो जिथे जाईल तिथे, नोकरीत, घरात, ऑफिसात, लॉकअपमध्ये, तेच तेच घडत राहतं आणि त्याला स्वतःला पण त्याचा त्रास होतो आणि आजूबाजूच्यांना तर होतोच. पूर्वी याचे दहा वेगवेगळे प्रकार पाडायचे, पॅरानॉइड म्हणजे सतत संशय घेणारा, बॉर्डरलाइन म्हणजे ज्याच्या भावना आणि नाती सतत टोकाला जातात असा, नार्सिसिस्टिक म्हणजे स्वतःलाच फार मोठं मानणारा वगैरे, आणि अमेरिकन पद्धतीत अजूनही पाडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यांनी ते खण जवळपास मोडून टाकलेत आणि आधी विचारतात की त्रास किती आहे, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि मग त्या माणसाचा कल कुठे आहे ते बघतात. मला हे जास्त पटतं. माझ्यासमोर बसलेला माणूस कधीच एका खणात मावला नाही.

आता परत त्या शब्दाकडे येते. खूप उशिरा मला कळलं की १९८८ साली इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झाला होता. मानसोपचारतज्ज्ञांना एका पेशंटची हकिगत वाचायला दिली. काहींच्या कागदावर एवढंच जास्तीचं लिहिलं होतं की याला पूर्वी पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झालेलं आहे. बाकी हकिगत तीच. ज्यांच्या कागदावर ते वाक्य होतं त्यांना तो पेशंट जास्त त्रासदायक वाटला, मदतीला कमी पात्र वाटला, लक्ष वेधून घेणारा वाटला, मॅनिप्युलेटिव्ह वाटला, आणि आत्महत्येचे विचार त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहेत असं वाटलं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्या चार ओळींमध्ये जे होतं ते हेच होतं, जवळपास शब्दाला शब्द. शिकलेल्या, अनुभवी डॉक्टरांचं असं होत असेल तर आपलं काय, असं म्हणून सुटता आलं असतं, पण मला नाही सुटता आलं, कारण टाके त्यांच्या पेशंटला नाही पडले.

प्रोबेशन ही चीज जन्मालाच मुळी एका माणसानं दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासातून आली. बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार होता. १८४१ मध्ये तो कोर्टात बसला होता, एका दारुड्याला आता तुरुंगात पाठवणार हे त्यानं पाहिलं आणि उठून म्हणाला की मी याला जामीन राहतो. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत, सावरलेला असा कोर्टात आला आणि न्यायाधीशांनी त्याला दंड केला एक सेंट. पुढे १८५९ मध्ये मरेपर्यंत ऑगस्टसनं जवळपास दोन हजार लोकांची अशी हमी घेतली. मग कायदे आले, इंग्लंडचा १९०७ चा, आपल्याकडचा १९५८ चा, रिपोर्ट आले, फॉर्म आले, रिस्कचे स्कोअर आले. ते सगळं लागतं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, रिस्कचा अंदाज नीट न घेता नुसत्या चांगुलपणावर काम केलं तर कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. पण या कामातलं खरं हत्यार अजूनही तेच आहे, एक माणूस आठवड्यातून एकदा दुसऱ्या माणसासमोर बसतो.

आणि नेमकं इथेच या लोकांच्या बाबतीत सगळं अवघड होतं.

कारण आमच्या खुर्चीला दोन तोंडं आहेत. एका तोंडानं मी विचारते, झोप लागते का, काम मिळालं का, औषध घेताय ना. दुसऱ्या तोंडानं मीच सांगते की पुढच्या वेळी आला नाहीत तर मला कोर्टाला कळवावं लागेल. बहुतेक लोकांना हे समजतं, शाळेतल्या मास्तरांसारखं, प्रेमळ पण आणि कडक पण. पण ज्याला लहानपणी जेवू घालणारा हात आणि मारणारा हात एकच होता, त्याच्यासाठी हे नुसतं अवघड नाही, हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात जुनं संकट पुन्हा समोर येऊन बसणं आहे. मी गोड बोलले की तो घाबरतो, कारण गोड बोलण्यानंतर काय येतं हे त्याला माहीत आहे. मी कडक बोलले की त्याला बरं वाटतं, चला, आता तरी खरं काय ते कळलं. मला हे समजायला किती वर्षं लागली. मी आपली जास्तीत जास्त गोड होत गेले, आणि तो जास्तीत जास्त बिथरत गेला, आणि मग मी दुखावून लिहिलं, मॅनिप्युलेटिव्ह.

दुसऱ्यांदा तो माझ्याकडे आला तेव्हा एक गोष्ट वेगळी होती, आमच्याकडे महिन्यातून दोनदा एक मानसशास्त्रज्ञ यायला लागल्या होत्या, आणि अवघड केस त्यांच्यासोबत बसून मांडायची सोय झाली होती. त्याला ते फॉर्म्युलेशन म्हणतात. निदान म्हणजे याला काय झालंय, आणि फॉर्म्युलेशन म्हणजे याचं असं का होतं. एका पानावर मावेल एवढंच लिहायचं, आणि त्याला वाचून दाखवता येईल अशा भाषेत. त्याच्या पानावर काय होतं ते थोडक्यात सांगते. सातव्या वर्षी त्याला एका मुलांच्या संस्थेत ठेवलं. आईनं सांगितलं थोड्या दिवसांत न्यायला येते. गेटच्या आतल्या बाजूला एक कट्टा होता, तो त्यावर बसायचा. किती दिवस बसला त्याला आठवत नाही. एवढं आठवतं की एक दिवस त्यानं स्वतःच ठरवलं की आता बसायचं नाही, आणि त्या दिवशी त्यानं संस्थेची काच फोडली. त्या दिवशी सगळे धावत आले.

हे पान लिहिताना मानसशास्त्रज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, 'तुमच्याकडे खुर्ची कधी फेकली होती म्हणालात?'

वीस मिनिटं वाट बघून. 'बसा, बोलावतील' हे दोनदा ऐकून.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास छापला होता. त्यातली चौदा मुलं अशी होती की ज्यांना कोणाबद्दलच काही वाटत नाही असं दिसायचं, आणि त्या चौदातली बारा मुलं लहानपणी दीर्घकाळ आईपासून तोडली गेली होती. अभ्यास छोटा होता, आज त्यात कितीतरी उणिवा काढता येतात आणि काढल्यात पण. आणि आईपासून तुटलेलं प्रत्येक मूल चोर होत नाही, मार खाल्लेला प्रत्येक जण पुढे मारत नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण ज्यांनी सोसलं आणि कोणावर हात उचलला नाही त्यांचा अपमान व्हायला नको. पण मला तो आकडा आठवला की तो कट्टा दिसतो.

मग आम्ही काय केलं? सांगायला गेलं तर फार साधं वाटेल. मंगळवार, सकाळी अकरा. तीच खोली. तो दाराच्या बाजूच्या खुर्चीवर, म्हणजे त्याची वाट मोकळी, आणि मी पण अशी बसायचे की माझीही वाट मोकळी, हे सुरक्षेचं पण आहे आणि मान देण्याचं पण. उशीर होणार असेल, अगदी पाच मिनिटं, तर मी स्वतः बाहेर जाऊन सांगायचे, 'मला अकरा दहा होतील, मी अकरा दहाला येते,' आणि अकरा दहालाच यायचे. संपायची वेळ पण ठरलेली. शेवटच्या पाच मिनिटांत नवीन विषय काढायचा नाही, कारण जखम उघडी टाकून त्याला रस्त्यावर सोडणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. जमणार नाही ते कबूल करायचं नाही, 'बघू', 'करू काहीतरी' हे शब्द तर बंदच. आणि फाइलमध्ये मी काय लिहिणार ते त्याच्या समोर सांगून लिहायचं.

हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. एखाद्याबद्दल त्याच्या पाठीमागे लिहिताना हात किती सैल सुटतो हे तेव्हा कळलं. समोर बसलेल्या माणसाला वाचून दाखवायचं म्हटलं की 'आक्रमक' हा शब्द येतच नाही, 'आवाज चढवला, दोनदा टेबलावर हात आपटला, सांगितल्यावर थांबला' असं लिहावं लागतं. आणि मग लक्षात येतं की या दुसऱ्या वाक्यात 'थांबला' आहे. पहिल्यात नव्हता.

सात महिन्यांनी त्यानं अट मोडली. आधीच्या बायकोच्या घराच्या आसपास जायचं नाही अशी कोर्टाची अट होती आणि तो गेला, रात्री, रस्त्यावर उभा राहून ओरडला. तिनं कळवलं. आता इथे कोणाला वाटेल की एवढं सगळं समजून घेतल्यावर मी सोडून दिलं असेल. नाही. रिपोर्ट गेला, त्याच दिवशी. प्रत्येक भेटीच्या आधी मी तिचा जबाब वाचायचे, पूर्ण, कारण समोरच्या माणसाची गोष्ट ऐकताना न दिसणाऱ्या माणसाचा चेहरा पुसट होत जातो आणि तो होऊ द्यायचा नसतो. तिच्या जबाबात एक वाक्य आहे, की दाराबाहेर पावलं वाजली की माझा लहान मुलगा टीव्ही बंद करतो. ते मूल सात वर्षांचं आहे. हो, सात.

पण रिपोर्ट पाठवायच्या आधी मी त्याला बोलावून वाचून दाखवला. माझे हात थरथरत होते, खरंच सांगते. बाहेर सहकारी उभा होता, तसं ठरवूनच ठेवलं होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, 'धमकावलं असं का लिहिलंय? मी फक्त ओरडलो.' मी म्हटलं, 'त्या म्हणतात धमकावलं. ते मी बदलणार नाही. तुम्ही म्हणताय ओरडलो, ते खाली लिहिते.' आणि त्याच्यासमोर लिहिलं. त्यानं विचारलं, 'आणि तुम्हाला काय वाटतं?' मी म्हटलं, 'मला वाटतं रात्री अकराला कोणी माझ्या घराबाहेर ओरडलं तर मी घाबरेन.' तो खूप वेळ जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, 'मग तुम्ही आता मला सोडणार.' मी म्हटलं, 'कोर्ट काय करेल ते माझ्या हातात नाही. तुम्ही बाहेर असाल तर मंगळवारी अकराला मी इथे आहे.'

कोर्टानं अटी अजून कडक केल्या पण आत टाकलं नाही. मंगळवारी तो पावणेअकराला येऊन बसला होता.

या सगळ्यात ऑफिसरचं काय होतं त्यावर आमच्याकडे कोणी बोलत नाही. अशा माणसांबरोबर काम करताना तुमच्या आत जे उठतं ते अंगावर येतं. राग येतो, इतका की रात्री झोप लागत नाही. किंवा उलटं, वाटतं मीच याला वाचवणार, बाकीच्यांना कळतच नाही. मला दोन्ही झालंय. एका माणसानं महिनाभर माझी इतकी स्तुती केली, तुमच्यासारखं मला कोणी समजून घेतलंच नाही मॅडम, तो आधीचा साहेब तर दगड होता, आणि मी ते हळूहळू खरं मानायला लागले, मीटिंगमध्ये त्या सहकाऱ्याशी तावातावानं भांडले, आणि दोन महिन्यांनी त्या माणसानं हेच्या हेच त्या सहकाऱ्याला माझ्याबद्दल सांगितलं. ऑफिस उभं दुभंगलं होतं. याला स्प्लिटिंग म्हणतात, आणि लोक लगेच म्हणतात बघा, लावालावी करतो. मला वाटतं तो लावत नव्हता, त्याला जगात फक्त देव आणि राक्षस असे दोनच प्रकार माहीत होते आणि आम्ही दोघं आपणहून त्या जागांवर जाऊन बसलो. विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकानं १९४९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अशा पेशंटबद्दल उपचार करणाऱ्याला द्वेष वाटतो, आणि तो स्वतःशी कबूल केला नाही तर तो काम बिघडवतो. राग येणं हा गुन्हा नाही. पण तो ठेवायला जागा पाहिजे, आणि ती जागा म्हणजे फाइल नव्हे. सीनियरसोबत पंधरा दिवसांतून एक तास, दार बंद करून, 'मला या माणसाची किळस येते' असं म्हणता आलं पाहिजे. माझ्या पहिल्या वर्षांत अशी जागा नव्हती. ज्यांच्या हातात ऐंशी-ऐंशी केस आहेत आणि बोलायला कोणी नाही अशा मुलामुलींना आपण या माणसांसमोर बसवतो आणि मग ती तीन वर्षांत नोकरी सोडतात, याचा मला मनापासून संताप येतो. कारण ऑफिसर गेला की समोरच्या माणसासाठी तो अजून एक जण असतो जो येतो म्हणाला आणि आला नाही.

म्हणून रजेबद्दल सांगते. माझी रजा हा आमच्या कामातला सगळ्यात धोक्याचा काळ असतो असं मी आता मानते. गेल्या वर्षी मला तीन आठवडे जायचं होतं. त्या खुर्ची फेकणाऱ्या माझ्या माणसाला मी सहा आठवडे आधी सांगितलं. एका कागदावर मंगळवार लिहून दिले, कुठल्या तारखेला मी, कुठल्या तारखेला दुसरे साहेब, आणि परत मी कधी. त्या साहेबांना दोनदा आमच्यासोबत बसवलं. सांगितल्याच्या पुढच्याच मंगळवारी तो आला नाही. पूर्वी मी म्हटलं असतं, बघा, बदला घेतोय. मी एकदा फोन केला, उचलला नाही, मग पत्र पाठवलं, दोन ओळींचं, तुम्ही आला नाहीत याची नियमाप्रमाणे नोंद केली आहे आणि पुढच्या मंगळवारी अकराला मी आहे. तो आला. कागदाची घडी खिशात होती, कडा मळलेल्या. रजेवरून मी परत आले तेव्हा तो चाळीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. मी पण नाही बोलले. शेवटी उठताना म्हणाला, 'आलात.'

असं सगळ्यांचं होत नाही. मला खोटी आशा विकायची नाहीये. माझ्याकडच्या एकानं, ज्याच्यासाठी हे सगळं याच पद्धतीनं केलं होतं, एका माणसाला कायमचं अपंग केलं, आणि त्यानंतरचे कित्येक महिने मी माझी प्रत्येक नोंद उलटीपालटी करून वाचत होते. अँटिसोशल आणि सायकोपॅथीच्या वरच्या टोकाला काय खात्रीनं चालतं याचे पुरावे अजून तुटपुंजे आहेत. पण हे विकार म्हणजे दगडावरची रेघ, जन्मभराची, असं जे आम्हाला सुरुवातीला शिकवलं ते पण खरं नाही. बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटना अमेरिकेत वर्षानुवर्षं पाहत राहिले, आणि दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली होती. मात्र नोकरी आणि माणसं दोन्ही नीट जमतायत अशा अर्थानं सावरले ते निम्मेच. या दोन आकड्यांच्या मध्ये जी जागा आहे ना, तिथे आम्ही काम करतो. आग विझलेली असते पण घर अजून उभं नसतं.

आणि आमच्यासाठी आशेचं अजून एक कारण आहे. मानसिक आजार असलेल्या प्रोबेशनवरच्या लोकांवर २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला, त्यात ऑफिसरचं नातं खंबीर, न्यायी आणि आपुलकीचं असेल तर अटी मोडायचं प्रमाण कमी दिसलं. तिन्ही एकत्र. नुसती आपुलकी नव्हे आणि नुसता धाक पण नव्हे.

तो जुना शब्द मी फाइलमधून काढू शकत नाही, जुन्या नोंदी खोडायला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे. मी त्या पानापुढे एक नवीन नोंद जोडली, आजच्या तारखेची, माझ्या सहीची. 'वरील नोंदीच्या दिवशी अपॉइंटमेंट ११.०० ची होती. अधिकारी ११.२० ला उपलब्ध झाली. उशीर होणार असल्याचं सांगण्यात आलं नव्हतं.' त्याला ते वाचून दाखवलं. त्यानं परत एकदा वाचायला सांगितलं. मग म्हणाला, 'त्या दिवशी मला वाटलं पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलंय.'

मागच्या महिन्यातली गोष्ट. मंगळवार होता, पावणेअकरा झाले, अकराला दहा कमी झाले, बाहेरची खुर्ची रिकामी. मी काहीबाही विचार करायला लागले होते, आणि टेबलावरचा फोन वाजला. मागे ट्रॅफिकचा आवाज. 'मॅडम, अडकलोय. वीस मिनिटं लागतील. चालेल ना? निघून नाही ना जाणार?'

मी म्हटलं, 'मी आहे. या.'

फाइलमध्ये लिहिलं, '११.२० ला आला. उशीर होणार असल्याचं आधी फोन करून कळवलं.'